कशावरून म्हणतोस?

मुलांचा अभ्यास, आईचा हातभार

या आठवड्यात दोन पत्रं एकदमच हाती आली. एक साताऱ्याचं, दुसरं सांगलीचं. साताऱ्याच्या भगिनी लिहितात, "मुलगा सातवीत आहे. 'पावसाळ्यातील एक दिवस' म्हणा, 'माझी आजी' म्हणा, पानच्या पान भरतो. पण बाईंनी वैचारिक निबंध दिला की गाईड उघडतो आणि उतरवून काढतो. परवा बाईंनी वहीत शेरा मारला, 'यात तुझं काय?' आता यात आईनं काय करावं?"

सांगलीच्या भगिनींची तक्रार बरोबर उलटी. त्यांची मुलगी आठवीत. "घरात प्रत्येक गोष्टीवर वाद घालते. आजीला उत्तर, बाबांना उत्तर. पण परीक्षेत 'तुमचे मत लिहा' असं आलं की चार ओळी खरडून पेन खाली ठेवते. तोंड एवढं चालतं, मग हात का चालत नाही?"

गंमत अशी की दोन्ही पत्रांचं उत्तर एकच आहे. मुलाला मत नाही असं नाही, पण ते कुणी त्याला विचारलेलं नाही. मुलीला मत आहे, पण ते दुसऱ्याच्या गळी कसं उतरवायचं, हे कुणी दाखवलेलं नाही. पाचवी ते आठवी हे वय या शिक्षणाचं. यासाठी आईला पदवी लागत नाही, शिकवणी लावावी लागत नाही. भाजी निवडता निवडता करता येण्यासारखं हे काम आहे.

प्रश्न लहान करा

गाईडातले वैचारिक निबंध एकदा काढून वाचाच. 'मोबाईल : शाप की वरदान', 'विज्ञान : शाप की वरदान'. विषय बदलतो, साचा तोच. अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे आणि शेवटी 'त्याचा वापर कसा करायचा हे आपल्याच हाती आहे'. झालं! मूल कुठल्याच बाजूला उभं राहिलं नाही. इतका मोठा प्रश्न घातला तर बारा वर्षांच्या पोरानं तरी दुसरं काय करावं? आपल्याला तरी विज्ञानाचा निकाल एका पानात लावता येईल का?

म्हणून पहिलं काम हे, की प्रश्न लहान करायचा. इतका लहान, की त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता यावं आणि घरातलं कुणीतरी त्याच्या विरुद्ध बोलणारं असावं. 'सातवीतल्या मुलाला स्वतःचा मोबाईल द्यावा का?' 'गल्लीच्या गणपतीत डॉल्बी असावी का?' 'शनिवारची शाळा सकाळीच असावी का?' 'वर्गात मुलामुलींना एका बाकावर बसवावं का?' असा प्रश्न टाकला की पाहा, ताटावरून उठायच्या आत घरात दोन तट पडतात. मग मुलाला कागद द्या आणि म्हणा, "आता जे बोललास तेच लिही."

तीन प्रश्नांची पायरी

लिहायला बसलेल्या मुलाला तीन प्रश्न विचारायचे. तुझं म्हणणं काय? कशावरून म्हणतोस? आणि 'नाही' म्हणणारा काय म्हणेल? बस्स, एवढंच. वैचारिक लेखनाचा सगळा डोलारा या तीन खांबांवर उभा असतो.

हे काही अवघड शास्त्र नाही हं. आपण रोज करतो. मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडयांचं वाळवण घातलेलं असतं आणि आपण खालून ओरडतो, "अगं, आभाळ भरून आलंय, वाळवण आत घे!" यात 'वाळवण आत घ्यावं' हे म्हणणं झालं. 'आभाळ भरून आलंय' हा पुरावा. आणि न बोललेला तिसरा धागा म्हणजे 'असं आभाळ आलं की वळीव कोसळतो'. स्टीफन टूलमिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९५८ मध्ये एक पुस्तक लिहून हेच मांडलं, की म्हणणं आणि पुरावा यांना जोडणारा हा धागा पुष्कळदा न बोललेलाच राहतो आणि खरा वाद बऱ्याचदा तिथंच असतो. पुढं जगभरच्या शिक्षकांनी वर्गात शिकवण्यासाठी तो विचार उचलला.

मुलांच्या लिखाणात हा धागा हमखास गळतो. 'डॉल्बी नको, कारण शेजारी आजोबा राहतात,' असं लिहून मूल मोकळं होतं. आजोबांचा आणि डॉल्बीचा संबंध काय, हे त्याच्या मनात असतं, कागदावर नसतं. तिथं आपण विचारायचं, "मग? आजोबा राहतात म्हणून काय झालं?" मूल सांगतं, "त्यांना हृदयाचा त्रास आहे, त्या आवाजानं खिडकीची तावदानं हादरतात, त्यांना रात्रभर झोप लागत नाही." हं, आता ते लिही!

हळकुंड मोडून पाहावं

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, 'कशावरून?'कडे वळू. सांगली म्हणजे हळदीची पेठ. तिथं राजापुरी हळदीचा व्यापारी वरचा रंग पाहून भाव ठरवत नाही. हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो. मुलांना तसंच शिकवायचं. वाक्य दिसायला कितीही छान असो, मोडून पाहायचं.

यासाठी एक सोपा खेळ आहे. कागदावर चार रकाने आखा : पाहिलेलं, मोजलेलं, ऐकलेलं, वाटलेलं. मुलानं लिहिलेलं एकेक वाक्य योग्य रकान्यात टाकायला सांगा. 'सगळ्यांकडे मोबाईल आहे' हे वाक्य घ्या. हे पाहिलेलं की वाटलेलं? "वर्गात मोजून ये," म्हणा. मोजून आला की 'सगळ्यांकडे' याचे चाळीसांत अकरा होतात आणि ते कारण आपोआप गळून पडतं. रागावायची गरजच उरत नाही.

सांगलीकर आयांसाठी तर याहून मोठं उदाहरण घरासमोरच आहे. महापुराच्या वेळी सगळ्या गावाचं लक्ष आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या पाण्याच्या पातळीकडे असतं. तिथं इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. हे झालं 'मोजलेलं'. आपल्या घरात पाणी कुठवर आलं, ती भिंतीवरची ओल हे 'पाहिलेलं'. आता 'महापूर का आला?' असं मुलांना विचारा. दहातली सात तरी म्हणतील, 'अलमट्टीमुळे.' हे कशावरून? 'सगळे म्हणतात.' म्हणजे 'ऐकलेलं'!

ते खोटं आहे असं मला म्हणायचं नाही, बरं का. पण त्या प्रश्नाला किती बाजू आहेत ते पाहा. डोंगरात थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आहे, कोयना आणि वारणा धरणांतून सोडलेलं पाणी आहे, नदीच्या पूररेषेत झालेली बांधकामं आहेत आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा प्रश्न आहे. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं नेमलेल्या समितीनं २०२० च्या अहवालात अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. सांगलीतल्या पुष्कळ जाणत्या लोकांना ते पटलं नाही, त्यांनी आपली आकडेवारी पुढं केली. आणि २०२५ मध्ये अलमट्टीची उंची वाढवायला खुद्द महाराष्ट्र शासनानं विरोध नोंदवला. म्हणजे मोठी माणसंसुद्धा इथं एकमताची नाहीत. मुलानं कुठलीही बाजू घ्यावी. पण घेतलेल्या बाजूला 'मोजलेल्या' आणि 'पाहिलेल्या' रकान्यातून दोन तरी टेकू द्यावेत, आणि 'ऐकलेलं' असेल तर कुणाकडून ऐकलं ते लिहावं. मोबाईलवर आलेला निरोप हा 'ऐकलेलं'मध्येच जातो, हेही त्याला सांगून ठेवा. नाहीतर आजकाल तो थेट 'मोजलेलं'मध्ये जाऊन बसतो!

वाईचा शब्द : पूर्वपक्ष

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गुणाचा. 'नाही म्हणणारा काय म्हणेल?'

यासाठी आपल्याकडे फार जुना शब्द आहे, पूर्वपक्ष. जुन्या शास्त्रग्रंथांत आपलं मत सांगण्याआधी विरुद्ध मत मांडायची रीत होती. मीमांसेत तर त्याचा क्रमच ठरलेला. आधी विषय, मग त्यातला संशय, मग पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मग त्याला उत्तर आणि शेवटी निर्णय. साताऱ्याच्या लोकांना यासाठी काशीला जायला नको. वाईची प्राज्ञपाठशाळा याच विद्येसाठी नावाजली गेली. केवलानंद सरस्वतींचा सात खंडांचा मीमांसाकोश वाईतच घडला. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी, ज्यांना सारा महाराष्ट्र तर्कतीर्थ म्हणून ओळखतो, त्यांनी पुढं मराठी विश्वकोशाचं काम वाईतूनच चालवलं. त्या विद्येतली एक चिमूट आपल्या स्वयंपाकघरात आणायला काय हरकत आहे?

मात्र एक अट. पूर्वपक्ष प्रामाणिक हवा. मुलं काय करतात, समोरच्याचं म्हणणं मुद्दाम खुळचट करून लिहितात. 'काही मूर्ख लोकांना वाटते की...' असं. मग त्याला हरवणं सोपं! आपण सांगायचं, "असं लिही की आजीनं वाचलं तर ती म्हणाली पाहिजे, हो रे बाळा, मला हेच म्हणायचं होतं." आजी घरात असेल तर खरोखरच वाचून दाखवायला लावा. तिनं मान हलवली तरच पुढं.

आणि आता गंमत पाहा. पूर्वपक्ष नीट लिहिला की मुलाची मागणीच बदलते. मोबाईल मागणाऱ्या मुलाचं 'सगळ्यांकडे आहे' हे कारण मघाशी गळालं. त्यानं दुसरं शोधलं. 'शिकवणीहून यायला उशीर झाला तर घरी कळवता येईल.' हे कारण चांगलं आहे. मग पूर्वपक्षात तो लिहितो, 'आई म्हणेल, तू त्यावर खेळच खेळत बसशील.' आता याला उत्तर काय? बसणार नाही, असं नुसतं वचन? आई ते मानायची नाही, हे त्यालाही ठाऊक. थोडा वेळ पेन चावून तो लिहितो, 'म्हणून मला साधा बटणांचा फोन चालेल.'

पाहिलंत? सुरुवातीला जे मागत होता ते आता मागतच नाही. त्याला खरोखर जे हवं होतं, ते मागतोय, आणि तेही आईला देता येण्याजोगं. समोरच्याची अडचण मनापासून लिहिली की आपली मागणी शहाणी होते. या साऱ्या खटाटोपाचं सार मला विचाराल तर हेच आहे.

अर्ज लिहायला शिकवा

हे सारं निबंधापुरतं ठेवू नका. मुलांना अर्ज लिहायला लावा. पाठ्यपुस्तकात मागणीपत्र, तक्रारपत्र असतंच. बहुतेक मुलं पत्ता, विषय, 'आपला विश्वासू' हे सगळं बिनचूक लिहितात, मधला मजकूर मात्र पोकळ.

समजा, आठवीतली एक मुलगी खेड्यातून साताऱ्याच्या शाळेत एस.टी.नं येते. पाचवी ते बारावीच्या खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास फुकट मिळतो, ही मोठीच सोय. पण गाडीच वेळेवर नसेल तर पास घेऊन करायचं काय? तिला आगार व्यवस्थापकांना अर्ज करायचा आहे. पहिला खर्डा असा असतो :

'आमच्या गावाची गाडी वेळेवर नसते. त्यामुळे आम्हां विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होतात. तरी आपण याकडे जातीने लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.'

भाषा गोड आहे, पण व्यवस्थापकांनी यावर करायचं काय? कुठली गाडी? किती वाजताची? किती मुलं? आता आपले तीन प्रश्न विचारून पुन्हा लिहायला लावा :

'आमची शाळा ५ वाजता सुटते. आमच्या गावाची गाडी ४.५० ला सुटते आणि त्यानंतरची ६.३० ला आहे. दि. १ ते १३ डिसेंबर या शाळेच्या १२ दिवसांत आम्ही वहीत नोंद ठेवली. आमच्या गावचे २३ विद्यार्थी आहेत, त्यांत १४ मुली. त्या सर्वांना रोज दीड तास स्थानकावर थांबावे लागते. हिवाळ्यात गावात पोचेपर्यंत काळोख होतो. या कारणाने दोन मुलींचे शाळेत येणे बंद झाले आहे. एका फेरीसाठी जादा गाडी देणे आगाराला अवघड आहे, हे आम्ही समजतो, म्हणून जादा गाडी मागत नाही. ४.५० ची गाडी ५.१० ला सोडावी, एवढीच विनंती आहे. त्या गाडीच्या इतर प्रवाशांना आम्ही विचारले. बहुतेकांची हरकत नाही. दोघांना पुढची गाडी गाठायची असते, म्हणून आम्ही साडेपाच न म्हणता ५.१० म्हणतो.'

हा अर्ज मी उदाहरणादाखल रचला आहे. पण वाचून पाहा, याला 'नाही' म्हणायचं तर व्यवस्थापकांनाही कारण द्यावं लागेल. पहिल्या अर्जात मुलगी दयेची याचना करत होती. दुसऱ्यात ती त्यांच्यासमोर सरळ उभी आहे आणि तरीही तिनं कुणाचा उपमर्द केलेला नाही. बारा दिवस वहीत नोंद ठेवायची, प्रवाशांना विचारायचं, ही मेहनत आहे खरी. पण आठवीच्या मुलींना झेपण्यासारखी आहे. आणि दोन मुलींची शाळा सुटली, हे वाक्य ज्या अर्जात आहे, तो केवळ परीक्षेच्या पाच गुणांचा नव्हे, हे काय सांगायला हवं?

चौदा वर्षांची मुक्ता

'एवढ्याशा पोरांना कशाला हवं हे?' असं कुणाला वाटेल. त्यांना मी मुक्ताबाईची हकीकत सांगेन.

साताऱ्याची लेक सावित्रीबाई. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात १८३१ मध्ये जन्मलेली. पुढं पुण्याला जोतीराव फुल्यांबरोबर तिनं शाळा चालवल्या, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यांच्याच एका शाळेत मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास, म्हणजे आपल्या आठवी-नववीतल्या मुलीएवढं. शाळेत जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'नं तो छापला.

तो निबंध आज वाचला तर थक्क व्हायला होतं. हे तीन प्रश्न तिला कुणी असे मोजून शिकवले होते की नाही, देव जाणे, पण तिच्या लिखाणात तिन्ही आहेत. वेद हे फक्त आमचेच, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं ती आधी पुढं ठेवते. ते खरं धरते आणि विचारते, की मग आमचा धर्मग्रंथ कुठला, आम्ही कुठल्या धर्मानं चालायचं? समोरच्याचंच वाक्य घेऊन ती त्याला कोड्यात टाकते. मग पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले अन्याय एकामागून एक मांडते. बाळंतपणाच्या वेळी ज्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नाही, त्या बायांचे हाल सांगते. आणि शेवटी आपल्याच लोकांकडे वळून सांगते, की शिका, ज्ञान हेच औषध आहे.

पोकळ विशेषणांनी हे साधलं नसतं. पाहिलेलं, सोसलेलं तिनं नावानिशी लिहिलं, म्हणून ते पावणेदोनशे वर्षं टिकलं. आणि हेही लक्षात घ्या, की तिचं लिखाण वाचणारं, छापणारं कुणीतरी होतं. तिच्या शाळेनं तिला 'मोठ्यांपुढं बोलू नकोस' असं शिकवलं नाही.

मग उलट उत्तराचं काय?

आता सांगलीच्या भगिनींच्या मुलीकडे येऊ. ती उलट उत्तरं देते, ही तक्रार पुष्कळ घरांत आहे. आवाज चढवणं, आजीचा अपमान करणं याला उत्तेजन द्या, असं मी कशी म्हणेन? पण उलट बोलणं आणि मत मांडणं यांची गल्लत करू नये. मुलीला दोन नियम घालून द्या. बोलायचं ते मुद्द्यावर, माणसावर नाही. आणि ज्याचा निर्णय हवा, ते कागदावर लिहून आणायचं, आजीच्या पूर्वपक्षासकट! निम्मे वाद कागद शोधेपर्यंतच मिटतात, हा त्यातला जास्तीचा लाभ.

पण मैत्रिणींनो, तिसरा नियम आपल्यासाठी आहे आणि तोच पाळायला कठीण. मुलीनं कष्ट करून लिहून आणलं, तर ते वाचायचं. उत्तर द्यायचं, तेही कारणासहित. आणि तिचं कारण आपल्या कारणापेक्षा वजनदार ठरलं, तर मान्य करायचं. 'मी सांगते म्हणून' हे वाक्य तिथं चालायचं नाही. चार वेळा लिहून आणलेला कागद आपण न वाचताच बाजूला ठेवला, तर मूल एकच धडा शिकतं, की कारणं देऊन काही होत नाही, रडून किंवा आदळआपट करूनच होतं. मग गाईडातला निबंध उतरवणं त्याला जास्त सोयीचं वाटलं तर नवल नाही.

सासूबाई म्हणतील, "पोरीला वकील करायचीय का?" हसून म्हणावं, "झाली तर वाईट काय आहे, आई?" खरं सांगायचं तर वादाचं वावडं आपल्या मुलखाला कधीच नव्हतं. कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६ मध्ये जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर हे टिळकांचे जिवलग मित्र. मतं पटेनात तेव्हा त्यांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि वर्तमानपत्राच्या पानांवर कारणं देऊन वाद घातला. शब्द कडक झाले, पण त्या वादातून महाराष्ट्र शहाणा झाला, असंच आपण आज म्हणतो. मग तेच मुलीनं आपल्या बैठकीच्या खोलीत केलं, तर एवढं बिचकायचं कशाला?

आणि एक मनातलं विचारते. आपल्यापैकी किती जणींना त्या वयात कुणी विचारलं होतं, "तुझं काय म्हणणं आहे?" शाळा कुठवर, शिलाईचा क्लास की कॉलेज, लग्न कधी, पुष्कळ गोष्टी आपल्या डोक्यावरून ठरल्या. काहींच्या चांगल्या ठरल्या, काहींच्या नाही. पण 'मला असं वाटतं, या कारणानं वाटतं, आणि तुमची अडचण मला कळते' एवढी तीन वाक्यं धडपणे बोलता आली असती, तर काहीजणींची एखाद-दुसरी वर्षं तरी वाचली असती, नाही का? आपल्या मुलींवर ती वेळ उद्या येणारच आहे. दहावीनंतर काय, गावाबाहेर शिकायला जायचं का, स्थळ आताच बघायचं का. त्या वेळी तिच्या हाती शब्द असावेत, ते आजच्या मोबाईलच्या आणि डॉल्बीच्या वादातूनच तयार होणार आहेत. आणि मुलांचं म्हणाल, तर उद्या आपल्या बायकोचं म्हणणं पुरतं ऐकून घेणारा नवरा हाही या पूर्वपक्षातूनच घडणार आहे!

या आठवड्याचा अभ्यास

'पी हळद आणि हो गोरी' असं मात्र करू नका. एका निबंधात काही होणार नाही. आठवड्यातून एक प्रश्न, एक पान, एवढंच पुरे. पहिले चार आठवडे शुद्धलेखनाच्या चुका काढूच नका. विचार मोकळा होऊ द्या, ऱ्हस्व-दीर्घ मागून येईल. पाचव्या आठवड्यापासून तेच जुने कागद काढून मुलांनाच तपासायला द्या. आपल्याच जुन्या लिखाणातलं 'वाटलेलं' त्यांना स्वतःच दिसू लागतं.

या रविवारी जेवणं आटोपली की घरात एक प्रश्न टाका : 'रविवारी घरातल्या कामांची वाटणी सगळ्यांत सारखी असावी का?' प्रत्येकानं अर्धं पान लिहायचं, बाबांनीसुद्धा. एक अट, ज्याला 'हो' म्हणायचं आहे त्यानं 'नाही'च्या बाजूनं लिहायचं आणि ज्याला 'नाही' म्हणायचं आहे त्यानं 'हो'च्या बाजूनं. मग मोठ्यानं वाचून दाखवायचं. भांडी कुणी घासायची, ते त्यानंतर ठरवा.

काय ठरलं, ते मला जरूर कळवा. आणि कशावरून ठरलं, तेही!